माझ्या पश्चात मागाचा पट्टा

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, शिक्षण बी.ए., व्यवसाय विणकाम, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही भरीस न घालता हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुरुवारी माझ्या मणक्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टर काळजी करू नका म्हणतात, तरी लिहून ठेवलेले बरे.

१. घर वडिलांचे आहे. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. छपराचे पत्रे मात्र विणकामातून आले, एवढे लक्षात असावे.

२. बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीच्या कॉलेजसाठी. आत्याच्या मुलाच्या लग्नासाठी त्या पैशाला हात लावू नये.

३. सुताची टोपली आईला. तिला आता दिसत नाही, पण सुताचा रंग ती वासावरून सांगते.

४. आमच्या जमातीच्या मागाला चौकट नसते. एक टोक घराच्या खांबाला, दुसरे विणणारीच्या कमरेच्या पट्ट्याला. बाई उठली की नुसत्या काठ्या उरतात. त्यावर पाच जणांचे घर चालते. ऑपरेशनचे ठरले तेव्हा वडील म्हणाले, "तुला काही झालंच तर धाकटी बसेल की मागावर. कॉलेज काय पळून जातंय?" ते वाईट मनाने बोलले नाहीत. पण मी पदवी मागावर बसूनच घेतली आणि पाठ त्यातच गेली. धाकटीला बसवू नये.

५. माग आणि पट्टा भावाला. आमच्यात पुरुष विणत नाहीत, हे मला ठाऊक आहे. आत्या म्हणेल, "आता त्याला बांगड्याही भरा." तिला माझ्यातर्फे सांगावे की मागाला कंबर लागते आणि ती त्याला आहे.

मी तपासणीसाठी दवाखान्यात होते, धाकटी परीक्षेला गेली होती, तेव्हा मागावरचे अर्धवट विणलेले कापड वीतभर वाढले. वीण माझ्यापेक्षा घट्ट, कडा जरा आत ओढलेल्या. मी भावाला विचारले, "उंदरांनी विणलं का रे?" "मला काय माहीत, ताई," म्हणून तो गुरांना पाणी पाजायला निघून गेला. आमच्याकडे गुरे नाहीत.

ती वीत कोणी उसवू नये. कापड त्यानेच पुरे करावे.

६. साक्षीदार म्हणून सही करायला भाऊ तयार होता. ज्याला काही मिळायचे असते त्याची साक्ष चालत नाही, म्हणून मी नको म्हटले. काय मिळणार, हे त्याने विचारले नाही. पट्टा माझ्या कमरेपुरता होता. काल मी तो दोन वीत वाढवून ठेवला आहे.

लिहून ठेवणार : दोघांची ताई (सही)

साक्षीदार : शेजारच्या शिवणकामवाल्या काकू (सही)
शाळेचे निवृत्त मास्तर (सही)

ठिकाण : आमची ओसरी, मागाच्या खांबापाशी
दिनांक : ऑपरेशनच्या आधीचा सोमवार