वाजवून घे

ओवे गाव, पनवेल
१२ ऑक्टोबर २०१४

प्रिय किशोरी,

तिन्ही बंदुकांचे फोटो मिळाले. तुझ्याकडून भोपाळहून आलेल्या कल्पेशने त्याच्या मोबाइलवर मोठे करकरून दाखवले. त्याच्याकडे दिलेला तुझा निरोपही मिळाला: बाबा भोपाळला येऊन स्वतः नळी वाजवून बघत नाहीत तोवर मी कुठलीच बंदूक घेणार नाही, सुभेदारसाहेब त्यांची बंदूक विकायला दिवाळीपर्यंतच थांबतील, आणि बाबा येत नाहीत म्हणजे त्यांना माझा खेळच पसंत नाही, तर मग मी खेळच सोडते. वा गं वा, बाय! सोडते म्हणे. ज्या माणसाने अठरा वर्षं रेंजच्या खड्ड्यात उकिडवं बसून हवेत उडवून फोडायच्या मातीच्या बशा मशीनवर चढवल्या, आणि त्यातली पाच वर्षं तुझ्यासाठी चढवल्या, त्याला तुझा खेळ पसंत नाही? हे तुला सुचलं तरी कसं? खेळ सोडायचा नाही, बंदूक घ्यायची, आणि दिवाळीच्या आत घ्यायची. कुठली घ्यायची तेही सांगतो. निवडणुकीमुळे इथल्या बहुतेकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा आहेत, रेंज बंद आहे, त्यामुळे मला वेळच वेळ आहे. तुझी आई सकाळपासून मागे लागलीय, की तोंड हाय ना देवानं दिलेलं, मंग फोनवर बोला की तिच्याशी, कागूद कशाला? कागद का, तेही सांगेन.

आधी ती चकचकीत नवी. खोटं कशाला बोलू, फोटो बघून मलाही तिच्यावरून हात फिरवावासा वाटला. पण तिच्यासाठी बँकेचं कर्ज काढायचं म्हणतेस, तर आपला बुधाजी शेठ आठव. जमिनीचे पैसे आले त्या वर्षी त्याने एक गाडी घेतली आणि एक बंदूक घेतली. बंदुकीवर बदकं कोरलेली, बदकांना सोन्याचं पाणी दिलेलं. पहिल्या रविवारी सगळं गाव रेंजवर, खाणीच्या काठावर बघायला जमलं होतं. पंचवीस बशांमधल्या सहा फुटल्या, आणि शेठचा गाल वांग्यासारखा सुजला. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता त्याच्या मापाचाच नव्हता. कुणी सांगायला गेलं तर म्हणायचा, एवढी महाग हाय, तिला काय धाड भरलीय? बाय, बशीला किंमत दिसत नाही. पहिली बंदूक मिरवायला घेत नाहीत, ती शिकायला घेतात. पुढे देशाकडून खेळलीस तर घे सोन्याची बदकं, मीच पुसत बसेन.

दुसरी, ती हलकी, स्वस्तातली. तिच्यावर तुझा जीव आहे हे मला माहीत आहे, कारण ती नवीही आहे आणि कर्जही लागत नाही. तिला मी वाईट म्हणणार नाही. रानात दिवसभर खांद्यावर टाकून फिरायचं आणि दोन बार काढायचे, त्यासाठी ती लाख मोलाची. पण तू दिवसाला शंभर काडतुसं उडवणार. बंदूक हलकी असली की धक्का सगळा माणसाच्या अंगावर येतो. पंधराव्या वर्षी तुला पहिल्यांदा क्लबची हलकी बंदूक मिळाली तेव्हाचा तुझा खांदा मी विसरलेलो नाही. आठवडाभर आईने आंबेहळदीचा लेप लावला आणि आठवडाभर मला शिव्या घातल्या. खांदा बरा झाला, पण तू बार उडायच्या आधीच डोळे मिटायला लागली होतीस. ती खोड काढायला आपल्याला एक अख्खा उन्हाळा लागला. परत त्या वाटेला जायचं नाही.

राहिली सुभेदारांची. जुनी, इटालियन, एकावर एक दोन नळ्या, तीस इंची, साडेतीन किलोच्या वर वजन. लाकडावर ओरखडे आहेत, चापाजवळचा रंग हाताने घासून उडालाय, आणि त्याचंच तुला वाईट वाटतंय. अगं, रंग उडालाय म्हणजे माणसाने ती रोज हाताळली. कपाटात ठेवून गंजवली नाही. मला हीच पसंत आहे. पण माझ्या पसंतीवर जाऊ नकोस, बघून घे. डोळे मिटून खांद्याला लाव, गाल टेकव आणि मग डोळे उघड. नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी वरच्या पट्टीवर सरळ रेषेत दिसला तर बंदूक तुझी. मान वाकडी करून शोधावा लागला तर माप चुकलंय. सुभेदार तुझ्यापेक्षा बुटके आहेत असं कल्पेश म्हणाला, म्हणजे दस्ता तुला थोडा आखूड पडेल. त्याने घाबरू नकोस, मागे रबराची जाड गादी लावून घेता येते. आणि गालाखाली कमी पडलं तर चामड्याची पट्टी चिकटवायची, तुला क्लबच्या बंदुकीला मीच लावून दिली होती. मग नळ्यांखालचं लाकूड काढ, बंदूक दोन्ही हातांनी धरून हलव. नळ्या दुमडतात त्या बिजागरीत जरासुद्धा खळखळ हाताला लागता कामा नये. सुभेदारांच्याच समोर रेंजवर पन्नास बार काढ. आणि विकत घेतलीस की दोघांच्या लायसन्सवर नोंद झाल्याशिवाय घरी आणू नकोस, एवढं तुला सांगायला नको.

आता नळीचं. बाजारात मडकं घेताना तुझी आई कशी बोटाने वाजवून घेते? बसका आवाज आला की दुकानदाराच्या पदरात परत. बंदुकीच्या नळ्यांचंही तेच आहे. दस्त्यापासून सोडव, खालच्या आकड्यात दोरी अडकवून हवेत टांग आणि नखाने टिचकी मार. घंटेसारखा टण्ण आवाज आला पाहिजे, आणि तो लांबत लांबत बारीक होत गेला पाहिजे. थप् करून मेला किंवा मधेच करकरला, तर समज की दोन नळ्यांमधली पट्टी कुठेतरी सुटलीय. डोळ्यांना ते दिसत नाही. या टिचकीने मला रेंजवर मान दिला, बाय. मोठमोठे वकील, बिल्डर, सगळे आधी खड्ड्याशी येऊन वाकायचे, म्हणायचे दिनाकाका, जरा वर या, एवढी वाजवून बघा. एकही बंदूक मी कधी झाडली नाही, माझ्याकडे लायसन्सच नव्हतं, पण मी नाही म्हटलं तर सौदा मोडायचा. तुला तो सगळा थाट बघायला आवडायचं. तू सगळ्यांना सांगायचीस की माझे बाबा बंदुकीशी बोलतात.

आणि तुझे ते निळे डबे आठवतात? बारांचा आवाज अडवायला कानांवर लावायचे? मुलांसाठी क्लबकडे पुरेसे नव्हते, म्हणून मी माझे तुला दिले. तू विचारलंस, बाबा, मग तुम्हाला? मी म्हटलं, खड्ड्यात काय, चारी बाजूंनी माती, माती आवाज खाते. खोबरेल तेलात भिजवलेला कापूस घातला की झालं. तू वरून ओरडायचीस “पुल!” आणि मी दांडा ओढायचो, बशी सुटायची. पंचवीस जणांत तुझा “पुल” मला वेगळा कळायचा. शेवटी शेवटी दोनदा असं झालं की लोकांना पुन्हा ओरडावं लागलं. मी म्हटलं, दांडा अडकतोय, तेल घातलं पाहिजे. मग गेल्या वर्षी मायक्रोफोनवालं मशीन आलं. माणूस ओरडला की बशी आपोआप सुटते, ऐकायला कुणी लागत नाही. मला वर भांडारात बसवलं. बरंच झालं, गुडघेही दुखत होते.

तू तीन वेळा बोलावलंस. एकदा मी गुडघ्याचं सांगितलं, एकदा भातकापणीचं, एकदा गावदेवीच्या पालखीचं. आपलं भात केव्हाच गेलं, त्या जागेवर आता इमारती आहेत, हे तुझ्याही लक्षात आलं असणार. फोन आला की मी आईच्या हातात देतो, तेही तुला टोचतं. तुझी दमयंती आत्या येऊन सांगते की पोरगी पंचविशीला आली, बंदूक कसली घेता, मंगळसूत्र बघा. तुला वाटलं, मी तिच्या बाजूला गेलो. नाही गं. मी तिला दारातच सांगितलं, मंगळसूत्र आमच्या पोरीच्या गळ्यात येईल तेव्हा येईल, आधी खांद्याला बंदूक येऊ दे. ती आल्या पावली परत गेली. रागावलोय कुणावर, तर स्वतःवर.

आता खरं कारण. गेल्या माघात निकेशने, आपल्या रेंजवरच्या त्या भल्या पोराने, पहिली बंदूक आणली. सगळे गोल करून उभे. मी नळ्या टांगल्या, टिचकी मारली, मान डोलावली आणि म्हटलं, छान आहे, घे. किशोरी, मला काहीही ऐकू आलं नव्हतं. टण्ण नाही, थप् नाही, काहीच नाही. चारचौघांत सांगायची लाज वाटली. तीन महिन्यांत त्या बंदुकीची पट्टी उघडली, बंदूक दुरुस्तीला गेली, त्याची राज्य स्पर्धा हुकली, आणि तो अजून मलाच म्हणत होता की काका, माझंच नशीब खोटं. काल मी त्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तो उठून जवळ आला. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, काका, मग तुमच्या किशोरीला कोण सांगणार? म्हणून हे पत्र. कान गेले, बाय. अर्धे खाणीत सुरुंग लावायचो तेव्हाच गेले असतील, उरलेले बंदुकांनी नेले, तेव्हा त्या निळ्या डब्यांवरून रडत बसायचं नाही. समोर बसून मोठ्याने बोललं तर कळतं. फोनवर नुसता गोंगाट येतो, आणि बारीक आवाज तर गेलेच. माती आवाज खात नाही, मी खोटं सांगितलं होतं. आता माझ्या भरवशावर बंदूक घ्यायची नाही. तू टिचकी मार आणि तूच ऐक. तुझे कान शाबूत आहेत, त्यांची राखण मी केलीय. आवाज लांबला तर सुभेदारांना हो म्हण, बसका आला तर नमस्कार करून उठ आणि दुसरी शोध. पण त्याआधी बाजारात जा आणि कानांचे चांगले डबे घे, आत घालायचे बोळेही घे, आणि एकही बार त्यांच्याशिवाय काढणार नाहीस असं मला पत्राने कळव. दिवाळीला ये, बंदूक घेऊन ये. ओटीवर बसू. नळी मी तळहातावर धरीन, टिचकी तू मारायची. थरथर मला अजून कळते.

तुझाच बापूस,
दिनानाथ