मागितलं मशीन, मिळाली म्हैस

हेंद्रेपाडा, बदलापूर
२९ मार्च १९८७

चि. भीमराव यास,

ताईचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि. आम्ही सासू-सुना खुशाल आहोत. तुम्हीही खुशालच असाल असं धरून चालते, कारण तुझ्या पत्राची वाट बघायची तर एक पौर्णिमा जाऊन दुसरी येते. दोन स्टेशनांवर राहतोस, पण लग्नसराईत तुझा शेठ रविवारीही सोडत नाही, म्हणून सगळं कागदावरच सांगते.

अंबरनाथचा कर्जमेळावा परवा झाला. आता बसून वाच आणि हसू नकोस. मला म्हैस मिळाली.

होय, म्हैसच. अर्ज शिलाई मशीनचाच होता, तूच भरून दिला होतास. सकाळी आम्हा बायकांना पुढच्या रांगेत बसवलं. समोर टेबलावर मशीनं मांडलेली. मी आपलं मनातल्या मनात एक निवडूनही ठेवलं होतं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. तेवढ्यात पाहुणे आले, पाहुण्यांचे पाहुणे आले, खुर्च्या कमी पडल्या. आम्हाला म्हणाले, ताई जरा मागे सरका. आम्ही सरकलो. मागचे उन्हात बसलेले शेतकरी उठून जागा मिळेल तिथे घुसले. मग माइकवरून सांगितलं की वेळ फार झाला, नावं पुकारत बसत नाही, रांगेने वर या. आमची रांग डावीकडून वर गेली आणि डावीकडे म्हशी. म्हैस काही स्टेजवर चढेना. म्हणून म्हैस खाली, दावं वर, असं ते दावं पाहुण्यांनी माझ्या हातात दिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि फोटो निघाला.

मी बँकेच्या साहेबांना लगेच सांगितलं. ते म्हणाले, मार्चअखेर आहे बाई, आज वाटप व्हायलाच पाहिजे, नंतर बघू. नंतर गेले तर म्हणतात, फोटोत तुमच्या हातात दावं आहे, मी मशीन कसं लिहू? आता तूच सांग, यावर माणसाने काय बोलावं?

अंबरनाथहून चालत आणली. वाटेत जो तो विचारी, केवढ्याला घेतली. तुझ्या चंदरशेठने शब्द दिला होता की घरात मशीन आलं तर शाळांच्या गणवेशाचं काम मला देईल. काजं-बटणं करून माझे डोळे गेले रे. ती एकच आशा होती. त्याला आता काय सांगशील?

लोभ आहेच, तो आणि थोडी अक्कल दोन्ही पाठव.

तुझी ताई,
द्रौपदी

उल्हासनगर, कॅम्प पाच
५ एप्रिल १९८७

ती. ताईस,

भीमरावचा साष्टांग जयभीम. वि. वि. तुझं पत्र मिळालं. हसलो नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. तुझी भावजय गया तर पोळी करपेपर्यंत हसली आणि मग रडली. तुझ्या मशीनसाठी तिने खिडकीचा पडदासुद्धा कापून ठेवला होता, वर घालायला.

शेठला सांगितलं. तो म्हणतो, अरे वा, भैंस तो चलता-फिरता कारखाना है, दूध का धंदा करो. मी म्हटलं, शेठ, मेरी बहन को सिलाई आती है, धार काढना नहीं आता. तेव्हा जरा गंभीर झाला. मे महिना संपायच्या आत मशीन आलं तर काम तुझं, नाहीतर तो ते शहाडच्या एका बाईला देणार. त्याचाही दोष नाही, पोरांना शाळा उघडताना चड्ड्या लागतात, दिवाळीला नाही.

म्हैस विकून मशीन घेता येईल का, ते मी बँकेत विचारून आलो. कानात बिल्ला मारलाय, तीन वर्षं विकता येत नाही. मेली तर बिल्ल्यासकट कान दाखवायचा म्हणे. मशीनचाही तोच नियम. मग मी विचारलं, मशीनला कान कुठे असतो? त्यांनी मला बाहेर काढलं.

तूर्तास दूध विकत राहा. शेजारपाजारी घेतीलच की. तुझ्या सासूबाईंना जयभीम.

तुझा,
भीमराव

हेंद्रेपाडा
२२ एप्रिल १९८७

चि. भीमरावास,

सप्रेम जयभीम. वि. वि. शेजारपाजारी घेतीलच की, असं तू सहज लिहून मोकळा झालास. ऐक आता.

पहिले आठ दिवस सासूबाई म्हशीकडे पाठ करून बसल्या. त्यांचे वडील गावची मेलेली ढोरं ओढायचे, हे तुला माहीत आहे. छप्पन साली धम्म घेतला आणि दावं टाकलं ते टाकलं. त्या म्हणाल्या, आम्ही मेलेलं सोडलं तर सरकार जिवंत आणून बांधतंय, याचा अर्थ काय लावायचा? मला तरी कुठे कळतोय! मग एका सकाळी मला धार जमेना आणि म्हैस लाथा झाडायला लागली, तेव्हा म्हातारीच उठली. हात फिरवला, काहीतरी पुटपुटली, तांब्या भरला. आता तिला मंजुरी अशी हाक मारतात. नदीवर नेतात, घासतात, माझ्यापेक्षा जास्त तिच्याशी बोलतात.

दूध भरपूर आहे. घ्यायला कोणी नाही.

समोरच्या वेणूबाईंकडे मी स्वतः चरवी घेऊन गेले. सतरा वर्षांचा शेजार, त्यांच्या पोरीच्या लग्नात मी आठ दिवस तांदूळ निवडले. हसून म्हणाल्या, आमचा वांगणीचा रतीब आहे हो, जुना आहे, मोडवत नाही. पलीकडच्या दारीही तेच. वांगणीला एवढ्या म्हशी तरी आहेत का रे? तिसऱ्या दारी मी गेलेच नाही. भीमराव, मला फार लागलं. भांडले असते तर बरं वाटलं असतं, पण त्या इतक्या गोड बोलल्या की मी वर त्यांनाच म्हटलं, असू दे, असू दे.

आपल्या वाडीतल्या पोरांना पाजते, उरलं तर खवा आटवते. पण त्याने पेंड कुठून आणायची आणि बँकेचा हप्ता कुठून द्यायचा? जिची धार काढते तिलाच शिव्या देते आणि मग तिच्याच मानेवर डोकं ठेवून बसते. असा सगळा घोळ आहे.

उत्तर लवकर पाठव, नाहीतर म्हैस घेऊन तुझ्या कारखान्यात येईन.

तुझी ताई

उल्हासनगर
८ मे १९८७

ती. ताईस साष्टांग जयभीम.

घाईत लिहितोय. काल कारखान्यात एक धोतरवाले काका मशीन डोक्यावर घेऊन आले, कोणी घेतं का विचारत. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. शेठने माझ्याकडे पाठवले. नाव दौलतराव, गाव वांगणी. मी विचारलं, काका, मशीन कुठून आणलं? म्हणाले, मेलाव्यात मिल्ला. मांगली म्हस, दिला मशीन. ताई, तुम्हाला मागे सरकवल्यावर जे शेतकरी पुढे घुसले, त्यातलेच हे!

घरात बायको नाही, सून नाही, मशीनवर कोंबड्या बसतात म्हणाले. त्यांची जुनी म्हैस आटत चाललीय, त्यामुळे रतीब मोडायला आलेत. आणि रतीब कुठे, तर हेंद्रेपाड्यात! तुझ्या वेणूबाईंचा वांगणीचा रतीब तो हाच.

ते अदलाबदलीला एका पायावर तयार आहेत. तुम्ही कोण, कुठले, सगळं मीच सांगून टाकलं, नंतर खटकायला नको. ते म्हणाले, म्हशीला इचारलंस का तिची जात? मग मला कशाला सांगतंस?

आता प्रश्न असा की अदलाबदल म्हणजे विक्री का? शेठ म्हणतो, बेचा कहाँ, ये तो एक्सचेंज है. गया म्हणते, दोघंही तुरुंगात जाल. मला दोघांचंही पटतं. तू ठरव, पण महिना सरत चाललाय हे विसरू नको.

भीमराव

हेंद्रेपाडा
१५ मे १९८७

चि. भीमरावास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी नाचले आणि मग मला सुचेनासं झालं. महिनाभर हिला कोणीतरी घेऊन जा म्हणत होते, आता न्यायला माणूस मिळाला तर तिच्या खुंट्याजवळून उठवत नाही. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळी खीर हिच्या दुधाची झाली. लोकांनी दोनदा मागून घेतली. सासूबाई दारात उभ्या राहून सगळ्यांना सांगत होत्या की आमच्या मंजुरीचं दूध आहे.

त्यांना अदलाबदलीचं कसं सांगावं, याचाच घोर होता. सांगितलं. म्हणाल्या, जनावराचं दूध नासवणं हे पाप आहे, जिथे लोक पितील तिथे जाऊ दे तिला. आणि तू कशासाठी अर्ज केला होतास ते विसरू नको. एवढं बोलून नदीवर गेल्या, म्हशीला घासायला. दुपारीच घासली होती.

तेव्हा दौलतरावांना कळव. तपासणीला साहेब आले तर काय करायचं, ते तुम्ही दोघं शहाणे ठरवा.

ताई

उल्हासनगर
१९ मे १९८७

ती. ताईस जयभीम.

रविवारी सकाळी दौलतराव बैलगाडीतून मशीन घेऊन येतील आणि म्हैस घेऊन जातील. साहेबांचंही ठरलं. ते बदलापुरात आले की म्हैस चालत बदलापूरला, वांगणीला गेले की मशीन गाडीतून वांगणीला. दोन्ही गावांना एकाच दिवशी आले तर मात्र बुद्धं शरणं गच्छामि. गणवेशाचं कापड सोमवारी माणसाबरोबर पाठवतो. पडदा गयाने इस्त्री करून ठेवलाय.

भीमराव

हेंद्रेपाडा
३१ मे १९८७

चि. भीमराव यास,

सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि. खाकी चड्ड्यांचे दोन गठ्ठे तयार आहेत, शेठला सांग की शिलाई उलटी करून बघ, चूक दाखवलीस तर फुकट शिवीन. मशीन गोड चालतं. कोंबडीची पिसं निघाली तेवढीच.

मंजुरी गेली. जाताना वळूनही बघितलं नाही, आणि सासूबाई म्हणतात की बघितलं. अजूनही पहाटे उठून चरवी घासतात आणि मग आठवतं.

आता कालची गोष्ट. संध्याकाळी वेणूबाई आल्या. जावई आलेला, नवी म्हैस रुळेपर्यंत दौलतरावांचा रतीब चार-सहा दिवस बंद, घरात चहाला दूध नाही. आल्या त्या मागच्या दाराने, आणि पदराखाली तांब्या. सासूबाईंच्या नजरेतून काय सुटतंय! म्हणाल्या, तांब्या बाहेर काढा की, इथे कोण चोरतंय? वेणूबाईंनी काढला. मला इतकं अवघडल्यासारखं झालं, जणू मीच काहीतरी लपवत होते.

सासूबाईंनी रिकामा खुंटा दाखवला. म्हणाल्या, तुम्ही आलात पण म्हैस गेली, वांगणीच्या दौलतरावांकडे. त्यांचा रतीब उद्यापासून परत सुरू होईल. दूध आमच्याच म्हशीचं येईल, आता वांगणीचं झालंय, खुशाल प्या.

वेणूबाईंचा चेहरा असा झाला की मला वाटलं, या आता उठतील आणि पुन्हा कधी आपल्या दारी येणार नाहीत. त्या खुंट्याकडेच बघत राहिल्या. मग उंबऱ्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, द्रौपदी, चहा टाक. मी म्हटलं, दूध नाही हो घरात. म्हणाल्या, कोराच टाक.

आपल्या घरातल्या कपात दिला. पूर्ण प्यायल्या. उठून पुढच्या दाराने गेल्या.

तांब्या मात्र इथेच विसरल्या. आता मी नेऊन द्यावा, की त्यांनी न्यायला यावं? विसरल्या, की ठेवून गेल्या? मला काही म्हणजे काही कळेना, तू कळव. सासूबाईंनी तो घासून आमच्या भांड्यांत पालथा ठेवलाय. म्हणतात, राहू दे, येईल ती.

गयाला सांग, पडदा छान बसला. पोरांना गोड पापा. माया आहे तशीच असू दे, आणि पुढच्या गठ्ठ्याबरोबर काळ्या दोऱ्याची रिळं पाठव.

तुझी ताई,
द्रौपदी