सुरभीचं पोहणं आणि माझी मदत

४ मे, रविवार
पवनारला धाम नदीच्या खडकावर बसून मी आणि माझी बहीण कोकिळा पेरू खायचो. मग ती नदीत उतरायची आणि मी काठावर तिचा फ्रॉक सांभाळत बसायचे. पाण्याशी माझं नातं असं जुनं. सून सरिता बँकेत जाते, तेव्हा नात सुरभीला स्विमिंगला न्यायचं काम माझ्याकडे आलं, हे योग्यच झालं.
पुढच्या रविवारी टेस्ट. फ्लोट न घेता अख्खा पूल पार करायचा. नाही जमलं तर पुन्हा छोट्यांच्या बॅचमध्ये. आठ वर्षांच्या मुलीला ते फार लागेल. मी तयारी करून घेणार.

६ मे, मंगळवार
गार पाण्याने छाती भरते, म्हणून सुरभीला अंगभर जवसाचं तेल चोळून नेलं. कोच आदेश सरांच्या हातातून ती दोनदा निसटली. पाण्यावर तवंग आला.
सर म्हणाले, "हिले तेल कोनं लावलं?" सुरभीने माझ्याकडे बोट दाखवलं. सर म्हणाले, "आजी, इथं पोरं पोहून राह्यले, भजे नाई तळून राह्यले."
पूल अर्धा तास बंद. मुलगी खरं बोलली, हे संस्कार माझेच.

८ मे, गुरुवार
निश्चय: गप्प बसायचं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, पाठ ताठ, तोंड बंद. पाळलं. फक्त ती खोल पाण्याकडे वळली की तिचं नाव घेत होते.
सर म्हणाले, "तुमी हाक मारली का ते दोरी धरते. काऊन हाका मारता?" धीर देते, म्हटलं.

१० मे, शनिवार, दुपारी
सुरभी नीट जेवली नाही. म्हणाली, "आजी, उद्या तू घरीच राहजो." माझ्या गुडघ्यांची किती काळजी आहे तिला. जाणारच.

११ मे, रविवार
मध्यापर्यंत छान गेली. मग तिचं डोकं पाण्याखाली गेलं. मी ओरडले, "सुरभे, थांब!"
ती थांबली. खोल पाण्यात थांबता येत नाही, हे मला सुचलं नाही. सरांनी उडी मारून तिला वर काढलं. मी तिथेच फरशीवर बसले. ऊन फार होतं.
सरांनी मला गेटबाहेर बसवलं आणि तिला आणखी एक संधी दिली. मला फक्त भिंत दिसत होती. बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग टाळ्या.
सुरभी ओल्या केसांनी बाहेर आली. माझा हात धरून म्हणाली, "भेव तुले वाटते आजी. मले नाई."

संध्याकाळी
सरिताने महिलांच्या बॅचचा फॉर्म समोर ठेवला. नाव सुरभीने आधीच लिहिलं होतं, माझं. उद्या सकाळी सहा वाजता.
भीतीचा प्रश्नच नाही. केवळ व्यवस्थितपणा म्हणून लिहून ठेवते.
मोत्याच्या बांगड्या सुरभीला, अठरा वर्षांची झाल्यावर. शिलाई मशीन सरिताला, तिला वापरायची असेल तर. दोन कोऱ्या साड्या स्वयंपाकाच्या तानाबाईला, हिरवी तिला आवडते. कपाटाची किल्ली गव्हाच्या कोठीत.
आठपर्यंत मी घरी आले, तर कोणीही कशाला हात लावू नये.