चिऊला सावरण्याचे आठ आठवडे

३ एप्रिल, दुपारी
चिऊचा निकाल लागला. तीन विषयांत नापास. गणित, विज्ञान, भाषा. हायस्कूलचं पहिलंच वर्ष. २६ मेपासून फेरपरीक्षा. त्यात पास झाली तर पुढचा वर्ग, नाहीतर पुन्हा तोच वर्ग, तेच बाक.

घाबरण्यासारखं काही नाही. मी एकवीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे न कळणारी माणसं मी हायवेवर नेऊन सोडली आहेत. घरची चौदा वर्षांची मुलगी म्हणजे काय अवघड? आठ आठवडे भरपूर झाले. ही वही त्यासाठीच आणली. रोजची प्रगती लिहिणार.

शाळा मी निवडली होती, हे खरं. चिऊ म्हणाली होती की जुन्या शाळेतच राहते, तिथेही पुढचे वर्ग आहेत. मी म्हटलं, पंधरा दिवसांत सवय होईल. तरी यात कुणाचाच दोष नाही. ('कुणाचाच'खाली दोन रेघा मारल्या.)

४ एप्रिल
टाईमटेबल केलं. चार रंग. सकाळी साडेपाचला उठणे, फिरणे, गणित, विश्रांती (वीस मिनिटं), विज्ञान. चिऊने बघितलं, 'छान आहे' म्हणाली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. म्हणजे जपून ठेवलं.

५ एप्रिल, सकाळी ७.४०
उठायला उशीर झाला. मला. चिऊ केव्हाची उठून खिडकीत बसली होती. केव्हापासून, विचारलं तर म्हणाली, असंच. बायको म्हणाली, ती रोजच अशी बसते, तुला आज दिसली.

उद्यापासून नक्की.

९ एप्रिल
मासिकात वाचलं की मुलांशी मार्कांबद्दल बोलू नये, मित्रमैत्रिणींबद्दल बोलावं. जेवताना सहज विचारलं, तुझ्या त्या मैत्रिणी काय म्हणतात?

कुठल्या मैत्रिणी, म्हणाली.

मग हळूहळू निघालं. वर्षभर ती डबा तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात खात होती. गच्चीच्या दाराला कुलूप असतं, त्यामुळे तिकडे कुणी येत नाही. पहिल्या महिन्यात दोन टेबलांवर बसायला गेली. दोन्हीकडे सांगितलं, जागा धरलीय. तिसऱ्या टेबलावर गेली नाही.

डबा रोज रिकामा यायचा. मी समजत होतो सगळं ठीक आहे.

मी म्हटलं, जिन्यात हवा चांगली खेळती असते.

असं का म्हटलं?

१० एप्रिल
एक गोष्ट एकदाच लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. नोव्हेंबरात वर्गशिक्षिकेचा फोन आला होता. जरा येऊन भेटा, म्हणाल्या. मी म्हटलं, येतो की. त्या दिवशी माझ्या चार जणांची लायसन्सची टेस्ट होती. गेलो नाही. मग विसरलो.

विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी आठवलं होतं. तिसऱ्या दिवशीही. नंतर इतके दिवस झाले की जायचीच लाज वाटायला लागली.

बायकोला हे सांगितलेलं नाही. तशी ती शाळेची चिठ्ठी नव्हती, नुसता फोन होता.

डोक्यातून गेलं नाही.

१५ एप्रिल
आजपासून गणित मी स्वतः घेतलं. शांतपणे, गाडीत शिकवतो तसं. अकराव्या मिनिटाला ओरडलो. गाडीत एकवीस वर्षांत आवाज चढवलेला नाही. तिथे माझ्याही पायाखाली एक ब्रेक असतो, त्यामुळे असेल. टेबलाखाली माझा उजवा पाय सारखा फरशी दाबत होता. चिऊने वाकून बघितलं आणि म्हणाली, बाबा, इथे ब्रेक नाहीये.

पाणी प्यायला उठलो. तीनदा.

ज्या गणितावरून ओरडलो त्याचं पुस्तकात मागे दिलेलं उत्तर तिच्या उत्तराशी जुळतं. अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगेन.

१९ एप्रिल
बायकोची लॅबमध्ये दिवसपाळी. चिऊला घरी एकटी ठेवायला नको म्हणून गाडीत मागच्या सीटवर बसवून घेतलं. पुढे स्टिअरिंगवर शिकायला येणाऱ्या एक बाई होत्या. वय त्रेसष्ट, निवृत्त गणित शिक्षिका, लायसन्सच्या टेस्टमध्ये दोनदा नापास. चढावर गाडी उचलता येत नाही, एवढंच.

आजही गाडी मागे घरंगळली. मी ब्रेक मारला. बाईंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि म्हणाल्या, माझ्याच्याने हे होणार नाही. मागून चिऊ म्हणाली, मी तर तीन विषयांत नापास आहे.

बाई मागे वळल्या. म्हणाल्या, मग तू माझ्यापेक्षा बरी. मी एकाच विषयात दोनदा गटांगळ्या खाल्ल्या.

दोघी हसायला लागल्या. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतायत, या हसतायत. चिऊचं हसणं किती महिन्यांनी ऐकलं याचा हिशोब करू लागलो. लागला नाही. मी म्हटलं, लक्ष रस्त्यावर ठेवा.

२ मे
चिऊ आठवड्यातून चार दिवस बाईंकडे अभ्यासाला जाते. स्वतः होऊन जाते, चालत. मुलांना घराबाहेर काढायची माझी योजना लागू पडली. टाईमटेबलात मात्र किरकोळ बदल करावा लागेल (चारही रंगांत).

११ मे
बाई रिव्हर्स घेत होत्या. मधेच म्हणाल्या, पोरीचं गणित पक्कं आहे हो. ती कच्ची नाही. नोव्हेंबरात तिने पेपर मुद्दाम कोरा दिला होता.

का, मी विचारलं.

म्हणे, घरून कुणी शाळेत येतंय का ते बघायचं होतं.

बाईंनी गाडी कठड्याला टेकवली. माझ्याकडून ब्रेक मारायचा राहिला.

१३ मे, संध्याकाळी
चिऊला सगळं सांगायचं ठरवलं. पाच मुद्दे कागदावर काढले. बाईंकडून तिला आणताना गाडीत सुरुवात केली. नोव्हेंबरात तुझ्या टीचरचा मला फोन आला होता, आणि मी...

माहितीये, म्हणाली. मी टीचरच्या शेजारीच उभी होते. त्यांचा फोन स्पीकरवर होता.



तू म्हणालास, येतो की. मग म्हणालास, या वयात मुली जरा घुम्या होतातच. मग कुणाला तरी म्हणालास, क्लच सोडा, क्लच.

त्यानंतर आठवडाभर ती मधल्या सुट्टीत गेटवर जाऊन बघत होती. तक्रार म्हणून सांगितलं नाही, बस किती वाजता सुटते ते सांगावं तसं सांगितलं. मग विचारलं, गाणी लावू का?

लाव म्हटलं. उरलेले चार मुद्दे खिशातच राहिले.

१४ मे
बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली. मला वाटलं आता माझी खैर नाही. बराच वेळ एका सॉक्सची जोडी शोधत राहिली आणि म्हणाली, मलाही आला होता फोन. मी म्हटलं, पाळीवर आहे, तिच्या बाबांना करा.

मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

दोघांनी मिळून चिऊची माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे. तिचं 'ठीक आहे' म्हणजे ठीक नसतं, एवढं आता मला कळतं. मासिकात हे नव्हतं.

२६ मे, सकाळी १०
पेपर सुरू झाला असेल. मी शाळेच्या गेटवर उभा आहे. आजचे धडे रद्द केले. वॉचमनने दोनदा विचारलं, काही काम आहे का. सहा महिने उशिरा आलोय, हे त्याला काय सांगणार?

दुपारी
चिऊ बाहेर आली. म्हणाली, तू इथे कशाला आलास? आज बाई येणार होत्या.

२ जून
पास! तिन्ही विषयांत. गणितात अठ्ठ्याहत्तर. स्वतःची पाठ थोपटायला बसलो होतो, तेवढ्यात बाईंचा फोन. तिसऱ्यांदा नापास. त्यांना धीर चिऊनेच दिला. गणित शिकवणारीने पोरीला पास केलं. गाडी शिकवणाऱ्याचं काय?

जेवताना चिऊ म्हणाली, मला जुन्या शाळेत परत जायचंय. अडचणीपासून पळू नये, यावर माझं भाषण तयार होतं. तोंड उघडलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी तोंडात घास घातला.

चिऊ म्हणाली, आता मी पास आहे, म्हणजे हरले म्हणून जात नाहीये. एवढंच सांगायचं होतं. ऐकलंस ना?

हो म्हटलं. या वर्षातला पहिला खरा 'हो'.

७ जून
जुन्या शाळेचं ऑफिस. प्रवेशाचा फॉर्म भरला. मी, शेजारी चिऊ. एक रकाना होता, 'शाळा बदलण्याचे कारण'. पेन हातात धरून बराच वेळ बसलो. शेवटी लिहिलं, 'मुलगी सांगत होती, वडिलांनी ऐकलं नाही.' लिहून हलकं वाटलं. आठ आठवड्यांत माझ्या हातून झालेलं हे एकच धड काम.

क्लार्कने वाचलं, चष्मा वर केला, फॉर्म परत सरकवला. म्हणाला, हे असं चालत नाही साहेब. 'घरापासून जवळ' लिहा. सगळे तेच लिहितात.

मी चिऊकडे बघितलं. तिने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, बाबा, खोड आणि लिही लवकर. मागे रांग लागलीय.

खोडलं. 'घरापासून जवळ' लिहिलं.