दोन झेंड्यांच्या मधे

गोल्ड कोस्ट, ऑस्ट्रेलिया
पोळ्याचा दुसरा दिवस, १९८५

प्रिय आक्का,

आज तिकडे पांढुर्ण्याला जाम नदीत झेंडा लागला असेल. येताना गुंडाळून आणलेलं कॅलेंडर मी इथल्या स्वयंपाकघरात टांगलं आहे, त्यावर काल पोळा होता. इथे कुणाला त्याचं काही नाही. पण परवा माझ्या हातून एक मूर्खपणा झाला. तो ऐकून पोट धरून हसेल असं माणूस जगात एकच होतं आणि ते आता नाही. म्हणून लिहायला बसले.

आणखी एक कारण आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. माझी सगळी पत्रं शेजारची पुष्पा मोठ्याने वाचून दाखवायची, तेही ओसरीवर चार बायका बसलेल्या असताना. मग मी लिहिणार तरी काय? हवा छान आहे, बाळ गुटगुटीत आहे, विनय आणि सूनबाई शैला मजेत. पाच महिन्यांत तुम्हाला मनातलं एक वाक्य लिहिलं नाही. आज मधे पुष्पा नाही.

तर आधी ते वाक्य लिहिते. आक्का, मला इथे करमत नाही.

विनय सकाळी सातला जातो. तो बांधतो त्या इमारती इतक्या उंच आहेत की दुपारनंतर त्यांची सावली थेट वाळूवर पडते. शैला दुपारी कामाला जाते, तेव्हा बाळ माझ्याकडे असतो. सकाळी मला काहीच काम नसतं. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन धुतं. खिडकीतून समोरच्या घराचं गवत दिसतं आणि त्या गवतावर कधी कुणी बसलेलं दिसत नाही.

तुम्हाला वाटायचं, मला इंग्रजी येतं म्हणजे मी इथे राज्य करीन. नागपूरच्या सिस्टरांनी शिकवलेलं इंग्रजी इथे कुणी बोलत नाही. हे लोक अर्धा शब्द गिळतात आणि उरलेला नाकातून काढतात. पहिल्या दिवशी बसच्या ड्रायव्हरने मला चक्क 'लव्ह' म्हटलं. माझ्यापेक्षा वयाने लहान माणूस! मी घाबरून खिडकीशी जाऊन बसले. नंतर कळलं, तो सगळ्यांनाच तसं म्हणतो. तुम्ही असता तर नक्की विचारलं असतं, "अन् मंग तू उतरली काहून नाई वं?"

त्याच बसने मी समुद्र पाहायला जाऊ लागले. आधी सर्फर्स पॅराडाइज, मग बर्ली, मग करंबिन, मग पार खाली किर्रा. रोज सकाळी एक किनारा. पांढुर्ण्याच्या बाईला समुद्र म्हणजे सगळीकडे सारखंच पाणी वाटावं, पण तसं नाही. किर्राच्या लाटा लांबून येतात आणि शिस्तीत फुटतात. सर्फर्सच्या लाटा दाणकन आपटतात. बर्लीला खडक आहेत आणि खडकांवर केवड्यासारखी झाडं. मी जवळ जाऊन वास घेतला, पण केवड्याचा नव्हता. तरी पुढच्या वेळी पुन्हा घेतला.

तिथे लोक लांब फळ्या घेऊन पाण्यात जातात. पोटावर पडून हातांनी वल्हवत आत जातात, आणि मग नुसते बसून राहतात. चांगली लाट येईपर्यंत अर्धा अर्धा तास. आली की झटक्यात उभे राहतात आणि तिच्यावरून घसरत काठाला येतात. मग पुन्हा आत. त्यांचं ते बसून राहणं मी फार वेळ बघायची. बगीच्यातली संत्र्याची झाडं ताणावर सोडल्यावर तुम्ही तशाच बसायच्या. पाणी तोडलेलं, पानं मलूल, मला झाडांची कीव यायची आणि मी म्हणायची, पाण्याची एक पाळी तरी देऊ या. तुम्ही म्हणायच्या, "थांब ना मॅडम. झाडाले तहान लागू दे. त्याबिगर फूल येत नाई."

मॅडम. कॉन्व्हेंटात शिकलेली भावजय आली म्हणून पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला हे नाव दिलंत. सासूबाईंसमोर मला रडू आलं होतं. बत्तीस वर्षांनी आता ते नाव घेणारं कुणी नाही, तर कान तिकडेच लागलेले असतात.

आता तो मूर्खपणा ऐका.

परवा मी बर्लीला गेले. ऊन चांगलं होतं. वाटलं, इतके महिने काठावरून बघते आहे, आज पाय तरी भिजवू. चपला हातात घेतल्या, साडी जरा वर खोचली आणि पाण्याकडे निघाले. समोर वाळूत दोन झेंडे रोवलेले होते. अर्धे लाल, अर्धे पिवळे. दोन्हींच्या मधल्या पाण्यात ही गर्दी! माणसं ओरडत होती, उड्या मारत होती.

आक्का, पाण्याजवळ झेंडा, भोवती गर्दी आणि आरडाओरडा. सावरगावात वाढलेल्या आणि पांढुर्ण्यात दिलेल्या बाईचे पाय कुठे वळतील?

लग्नानंतरचा पहिला गोटमार आठवतो तुम्हाला? नदीच्या मधोमध पळस रोवलेला, त्यावर झेंडा, आणि तो मिळवायला अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव, दोन्हीकडून गोट्यांचा मारा. मला काठावर जाऊन बघायचं होतं. पलीकडे माझे दोन्ही भाऊ होते. तुम्ही माझं मनगट धरून मला जिन्याने ओढत गच्चीवर नेलंत. "त्या झेंड्याजवळ दिसली तं तंगडी मोडून ठेवीन. गोट्याले माहेर-सासर समजत नाई." मग दिवसभर आपण दोघी गच्चीवर. नदीकडून गलका वाढला की तुम्ही माझ्याकडे बघायच्या, कारण तिकडे माझे भाऊ. आणि मी तुमच्याकडे, कारण इकडे तुमचा भाऊ. संध्याकाळी हे खांद्याला फडकं बांधून आले, तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "पाह्य, तुह्या भावाचा नेम." आणि चहा टाकायला गेलात.

तेव्हापासून दर वर्षी हेच. झेंडा दिसला की लांब.

तर परवाही मी लांबच गेले. झेंड्यांपासून दोनशे पावलं तरी. तिथे चिटपाखरू नव्हतं, आणि पाणीही शांत. बाकी सगळीकडे लाटा फुटत होत्या, तेवढाच एक पट्टा गुळगुळीत होता. मला वाटलं, ही जागा आपल्यासारख्यांसाठी आहे. घोट्यापर्यंत गेले, गुडघ्यापर्यंत गेले. फार बरं वाटलं, आक्का. मग पायाखालची वाळू सरकायला लागली. एक पाऊल मागे घ्यायला गेले तर पाणी कमरेला. साडी पायांत गुंडाळली गेली. लाट मला काठाकडे ढकलत नव्हती, उलट कुणीतरी पदर धरून आत नेतं आहे तसं चाललं होतं. मी ओरडले. काय ओरडले माहीत आहे? "आक्का" म्हणून ओरडले. देव आठवला नाही, विनय आठवला नाही.

एक माणूस फळीवरून आला. चाळिशीचा असेल, नाकाला पांढरा लेप लावलेला. त्याने मला काखेत धरून फळीवर पालथी घातली, ज्वारीचं पोतं घालतात तशी. काठावर आणून बसवलं, घोंगडीसारखं काहीतरी पांघरलं. मग चिडून नाही, पण अगदी नवल वाटून विचारलं, "बाई, तुम्हाला झेंडे दिसले नाहीत का?"

मी म्हटलं, "दिसले. म्हणून तर इकडे आले."

मग त्याने सावकाश समजावलं. समुद्रात मधेमधे अशी वाट असते, पाणी काठावरून परत आत जाण्याची. वरून ती शांत दिसते, म्हणूनच माणसं फसतात. जिथे धोका नाही तिथे हे किनाऱ्यावर पहारा करणारे लोक रोज सकाळी पाणी पाहून झेंडे रोवतात. आणि दिवसभर त्यांची नजर झेंड्यांच्या मधे असते. "तुम्ही मधे असाल तर मला दिसाल," तो म्हणाला. "आज योगायोगाने मान वळली."

मला हसू आलं. थंडीने दात वाजत होते आणि मी हसत होते. त्याला वाटलं, बाईच्या डोक्यात पाणी गेलं. त्याला मी कुठून सांगणार, जाम नदी, पळस, तुम्ही, ती गच्ची?

विनयला फोन गेला, तो काम टाकून आला. गाडीत त्याला सांगितलं, झेंडा बघून मी लांब गेले. तो म्हणाला, "कोणता झेंडा?" आक्का, तिथे मात्र माझं हसू गेलं. पांढुर्ण्याचा मुलगा मला विचारतो, कोणता झेंडा.

घरी आल्यावर म्हणाला, "आता एकटीने समुद्रावर जायचं नाही." आणि टेबलावर एक फॉर्म ठेवला. मी कायमचं इथे राहावं म्हणून सरकारला द्यायचा फॉर्म. महिनाभर तो त्याच्या बॅगेत होता. "सही करून ठेव, सोमवारी पाठवतो. तिकडे आता आहे कोण?"

तिकडे आता आहे कोण. त्याचं काय चुकलं?

आता जे लिहायचं आहे त्यासाठी एवढा वेळ लावला. निघताना मी तुम्हाला सांगितलं होतं, मृग बहराची संत्री उतरली आहेत, आता पोळ्याला परत येते. तुम्ही स्टेशनवर फक्त म्हणालात, "येजो." मग जेठात विनय म्हणाला, आई, आणखी सहा महिने राहा. मी तुम्हाला पत्र लिहिलं की पोळ्याला जमणार नाही, दिवाळीनंतर पाहू. चार ओळींत. त्यातल्या दोन बाळाच्या दाताबद्दल. मी हट्टाने 'नाही' म्हणू शकले असते. म्हटलं नाही. नातवाचा लोभ पडला, आणि खरं सांगू, तुम्ही काय, असालच, असंही वाटलं.

आषाढात पुष्पाचं पत्र आलं, तेव्हा तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले होते. तिने लिहिलं, ताप चढला तरी तुम्ही तार करू दिली नाही. म्हणालात, "तिले कायले घाबरवता? थे पोराजवळ आहे, राहू द्या." आणि घराची किल्ली पुष्पाच्या आईकडे दिलीत. "मॅडम येईन तं तिले देजो."

का नाही करू दिली तार? तुमच्यावर माझा हा एवढाच राग आहे, पण आहे. बत्तीस वर्षं माझ्यावर नजर ठेवलीत. बाळंतपणात, विनय टायफॉइडने पडला तेव्हा, आणि हे गेल्यानंतर सहा वर्षं घरात आपण दोघीच उरलो तेव्हाही. मला तुमच्याकडे एकदा तरी बघू द्यायचं होतंत.

पण मी तरी कुठे बघत होते? पुष्पाचं पत्र आल्याला दोन महिने होऊन गेले. परत जायचं नाव मी काढलं नाही. विनयला वाटतं, मी रमले. तसं नाही. मी इथे आहे तोवर त्या घरात तुम्ही आहात. चूल पेटवता आहात, पुष्पाला रागावता आहात, बगीच्यात जाऊन येता आहात. मी गेले की दाराला कुलूप दिसेल. परवा पाण्यातून बाहेर आल्यापासून मला हे स्वच्छ दिसतं आहे. जिथे काहीच हलत नाही तिथे जाऊन उभी राहिले आहे मी.

आज सकाळी फॉर्म पुढ्यात घेऊन बसले होते. विनय बाळाला कडेवर घेऊन आला. कॅलेंडरकडे बघत थांबला, आणि एकदम म्हणाला, "आई, आज गोटमार ना? आक्काआत्या मला बाजेला बांधून ठेवायची. तिच्या जुन्या लुगड्याने."

"कमरेला," मी म्हटलं. "गाठ मागे. तू सोडवशील म्हणून."

"आणि समोर शेंगदाण्याचे लाडू ठेवायची. हात पुरेल तेवढ्यावर." तो हसायला लागला, मीही हसले, बाळ दोघांकडे बघून हसला. मग विनय हळूच म्हणाला, "तू म्हणून झेंड्यापासून लांब गेलीस होय?" आणि खुर्ची ओढून बसला. खूप वेळ बसला.

मी त्याला सांगितलं, सहीचं मी परत आल्यावर बघू. आधी मला घर उघडून यायचं आहे. तो म्हणाला, एकटी? मी म्हटलं, किल्ली माझ्या नावाने ठेवली आहे. फॉर्म त्याने बॅगेत परत ठेवला.

तर आक्का, दिवाळीच्या आधी मी येते. पुष्पाच्या आईकडून किल्ली घेईन आणि कुलूप माझ्या हाताने काढीन. सगळ्यात आधी गच्चीवर जाईन. बगीच्याचं पुढे काय करायचं ते झाडं पाहून ठरवीन, पण तुम्ही शिकवलं तसा ताण यंदा मीच देईन आणि झाडांची कीव येऊन मधे पाणी देणार नाही. नंतर इथे परत येईन की तिथेच राहीन, हे आज सांगत नाही. तुम्हाला दिलेला एक शब्द मोडला आहे, दुसरा जपून देते.

आणि निघेपर्यंत सकाळी समुद्रावर जाईन. विनय हो म्हणाला आहे. फक्त झेंड्यांच्या मधेच उभी राहीन, जिथून दिसेन.

तुमची,
मॅडम