पिक्चरमधली आई

॥ श्री ॥
नेवासा,
दि. १२ एप्रिल २०२६

चि. सौ. शिला हीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

मी फोन उचलत नाही म्हणून तू रुसलीस असं कळलं. तुझा आवाज ऐकला की पिक्चरमधला आवाज आठवतो आणि माझं डोकं फिरतं. म्हणून हे पत्र. नवीन लग्न झालं तेव्हा लिहायचो, तसं.

होय, मी पाहिला. चष्म्याचा नंबर काढायला जाते असं ह्यांना सांगून श्रीरामपूरला गेले आणि दुपारच्या खेळाला बसले. लेकाचा पिक्चर आणि आई चोरासारखी आत. माणसं मोजकीच, त्यातली दोघं गारव्याला झोपायला आलेली. दोन पुरुष एका घरात संसार करतात, हे समजल्यावर मागचा एक जण हसत उठून गेला. अंधार इतका की कोण कुठं उभंय ते दिसेना, आणि आवाजात सारखी टेम्पोची घरघर. पेपरवाल्यानं तर धुऊन वाळत घातलाय. हर्षलसाठी जीव तुटला.

पण त्या पेपरात एकच ओळ बरी आहे, की आईचं काम करणाऱ्या बाईंवरून नजर हटत नाही. ती वाचली आणि माझा जळफळाट झाला. मी त्याला शूटिंगला घर दिलं नाही, काम करायलाही नको म्हणाले, कबूल. म्हणून तू लगेच पदर खोचून उभी राहिलीस? माझा मुलगा, माझ्या घरातली गोष्ट, आणि आई कोण, तर तू. वर मीच दिलेली जांभळ्या काठाची साडी नेसलीस. ताट पदरानं पुसून वाढतेस, ती सवयसुद्धा माझी. आईची सवय तू कधीपासून चोरायला लागलीस?

आता ऐकते की पिक्चर पडल्यापासून हर्षल, ज्याच्याबरोबर त्यानं संसार मांडलाय त्या कानिफनाथला घेऊन तुझ्याकडेच राहिलाय. घरी ये, पण एकटा ये, असं मी म्हटलं होतं. तो दोन दिवाळ्या आला नाही. हरलेलं माणूस आईकडे येतं म्हणतात. माझं मावशीकडे गेलं.

लोभ आहे तेवढा आहे, सध्या वाढायची आशा धरू नकोस.

तुझी,
विजयमाला


मिरजगाव,
दि. २० एप्रिल २०२६

ती. सौ. अक्कास शिलाचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. तू रागावलीस की अक्षर एवढालं काढतेस, पोस्टमनलासुद्धा पाकीट बघून कळलं असेल की थोरली बहीण तापलीय.

साडी तू दिलीस म्हणून नेसले नाही, हर्षलनं मागितली म्हणून नेसले. आणि सवय मी चोरली नाही. ती मला तुझ्या लेकानं शिकवली. अंगणात बसून, माझाच पदर हातात घेऊन तो ताट पुसून दाखवायचा. आई मीठ असं वाढते, आई दारातून हाक मारताना एक हात चौकटीवर ठेवते, रागावली की भांडी मोठ्यानं लावते. मी चुकले की पुन्हा करायला लावायचा. मला लई राग यायचा, की एवढं बारीक कुणी माझ्याकडे कधी पाहिलं नाही.

तो आता बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून असतो. कानिफ त्याला उठवतो, चहा पाजतो. आवाजाचं काम कानिफचंच होतं, त्यामुळे टेम्पोची घरघर आपल्यामुळे आली म्हणून तो स्वतःला खातोय. पाथर्डीकडचं पोर, आईबाप ऊसतोडीला गेले की लहानपणापासून स्वतःच चूल पेटवायचा. भाकरी माझ्यापेक्षा गोल थापतो.

जळतेस तर जळ अक्का. मी तुझ्यावर तीस वर्षं जळत आलेय, पत्रात लिहिलं नाही एवढंच. माझी कूस काही उजवली नाही. आता तुझं पोर मला मिळालंय, ते मी आपणहून परत पाठवायची नाही. दाजींना नमस्कार.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
शिला


नेवासा,
दि. ३ मे २०२६

चि. सौ. शिलास आशीर्वाद.

चौकटीवर हात ठेवते हे मला माहीतच नव्हतं. तुझं पत्र वाचलं आणि दारात जाऊन उभी राहिले, तर खरंच हात तिथं गेला.

पण तू फार फुशारू नकोस. पेपरवाल्यानं शेवट बनावट आहे असंही लिहिलंय आणि ते मला शंभर टक्के पटलं. लेकाच्या जोडीदाराला पहिल्यांदा जेवू घालताना त्याच्या गालावरून हात काय फिरवतेस, डोळ्यांत पाणी काय आणतेस. अगं, आई असं करत नसते. तिला लाज वाटते, धास्ती वाटते. ती ताट पुढं सरकवते, आत निघून जाते आणि दाराआडून बघत राहते, की पोरगा पोटभर जेवतोय का. एवढं साधं तुला जमलं नाही. मी असते तर बरोबर केलं असतं.

कळावे. जास्त काही लिहावंसं वाटत नाही.

तुझी,
विजयमाला


मिरजगाव,
दि. ११ मे २०२६

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार.

चुकलं माझं, आणि का चुकलं ते सांगते. बाकी सगळं हर्षलनं मला करून दाखवलं. शेवटच्या जेवणाची वेळ आली तेव्हा मी विचारलं, की इथं तुझी आई काय करेल. तर तो म्हणाला, की मावशी, हे मला दाखवता येणार नाही, आईला हे करताना मी पाहिलेलं नाही, तुझ्या मनानं कर. मी केलं ते मावशीचं होतं अक्का. बनावट दिसणारच.

दुसरं म्हणजे, रविवारी धोंड्याचा महिना लागतोय. आजवर दर अधिकात आपण दोघी लोकांचे जावई जेवताना बघत आलो. तुला लेक नाही, मला तर कुणीच नाही. म्हणून मी ठरवलंय, कानिफला धोंडे करून घालायचे. त्याला सून म्हणावं की जावई यावर मी पुष्कळ डोकं चालवलं, पण सुनेला कुणी धोंडे घालत नाही. तेव्हा जावईच. वाणाला तांब्याचं निरांजन पाहून ठेवलंय.

राग आला तर आशीर्वादात कपात करू नकोस.

तुझी,
शिला


नेवासा,
दि. १८ मे २०२६

चि. सौ. शिलास अनेक आशीर्वाद.

खबरदार तिकडे पुरण शिजवलंस तर. जावई माझा आहे. तू मावशी, मावशीसारखी राहा.

हे लिहिलं आणि हात थांबला. पण खोडलं नाही, तू बघतेच आहेस.

येत्या रविवारी दोघांना घेऊन इकडे ये. ह्यांना सांगितलं तेव्हा ते जेवणावरून उठून गेले. दोन दिवस अबोला धरला. काल संध्याकाळी पुरणासाठी गुळाची ढेप आणून ओट्यावर ठेवली. शेजारच्या लंकाबाईनं अनारशांचे तांदूळ वाळताना पाहून चौकशी केली, की कुणाचा जावई येतोय. माझा, म्हटलं. तर म्हणते तुला तर लेक न्हाई. मी म्हटलं, जावई तरी हाय. तिचं तोंड बघायला तू हवी होतीस.

भीती वाटते गं. कानिफशी काय बोलावं ते मला समजणार नाही, बहुतेक मी आतच पळेन. माझं वागणं आखडलेलं दिसलं तर त्याला आधी सांगून ठेव, की मनात तसं नाही. तू पंगतीत बसायचंस. वाढायला उठलीस तर तिथल्या तिथं भांडेन.

हर्षलला म्हणावं, कॅमेरा आणू नकोस. समोर बसायचं आणि नीट बघून ठेवायचं, आई काय करते ते.

तुझ्यावरचा लोभ पूर्वीसारखा केला आहे.

तुझी,
अक्का