मोकळं ठेवायचं टोक

कुंडलिकदादा,

सकाळपासून तुझा फोन तीनदा वाजला. मी उचलला नाही, हे लिहीत बसलेय.

काल अमावस्या. तू संध्याकाळच्या गाडीनं यायच्या आत आपला मागांचा कारखाना पडला. कोनाड्यातलं ते, ज्याला पणजोबांपासून दर अमावस्येला सुताची लड खायला घालतोय, तेही संपलं. अप्पा सांगायचे, तुटलेल्या धाग्याला गाठ मारायची, पण या लडीचं टोक मोकळं ठेवायचं. टोक आलं की ते गिळायचं थांबतं. काल मी दोन्ही टोकं एकमेकांना बांधली. गोल गोल गिळत ते स्वतःपाशीच आलं आणि स्वतःलाच खाऊ लागलं. भिंती आत ओढल्या गेल्या. माग कोसळायला लागले तशी मी आरोहीला उचलून पळाले. आम्ही दाराबाहेर पडलो आणि मागं छप्पर खाली आलं.

लोकांना सांगितलं, सवयीनं गाठ बसली. ते खोटं आहे. मागच्या अमावस्येला तुझी गाडी चुकली, तेव्हा माझी लेक आरोही लड घेऊन आपणहून कोनाड्यापुढं बसली होती. मी वेळेत हात धरला. सात वर्षांची आहे रे ती.

अप्पा आणखी एक सांगायचे. ज्याच्या हातचं ते नेहमी खातं, त्याला जाताना संगती नेतं. वीस वर्षं तुझ्याच हातचं खाल्लं त्यानं. गाठ मारताना मला हे आठवत होतं.

काल तू आलाच नाहीस.

आता पुन्हा फोन वाजतोय, तुझंच नाव दिसतंय. बोलणारं दुसरंच कुणी निघालं तर? उचलत नाही तोवर हे पत्र तुला लिहिता येतंय.

तुझी धाकटी,
राजश्री